तिच्यासाठी थांबलेली बोट

बाबांना आयर्लंडात, माझ्याकडे गॉलवेत करमत नव्हतं. मी सकाळी कारखान्यात जायचे. तिथे आम्ही हृदयाच्या शस्त्रक्रियेला लागणाऱ्या बारीक नळ्या बनवतो. नवरा दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. बाबा खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या मांजराशी नागपुरीत बोलत असायचे, आणि ते लठ्ठ आयरिश मांजर ऐकून घ्यायचं.

माझ्याशी मात्र त्यांचं बोलणं भाजीत मीठ कमी आहे का, इथवरच. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं आमच्यात धड बोलणंच नव्हतं. आई दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेली, नागपुरात, सकाळी. मी मिळेल ते विमान पकडून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, तेव्हा आईच्या खोलीत फक्त दिवा जळत होता आणि काका मंडळी अस्थी सावडायला कधी निघायचं ते ठरवत होती. माझ्यासाठी थांबायचं नाही, हे बाबांनी ठरवलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. भांडायला मला फोन पुरत नाही, माणूस समोर लागतो. आता माणूस समोर होता, तर तोंड उघडत नव्हतं.

म्हणून एका शनिवारी बेटावर जायचा घाट घातला. कॉनेमाराच्या किनाऱ्यापलीकडे एक एवढंसं बेट आहे, चाळीसेक घरं असतील. कारखान्यातली एक मैत्रीण म्हणाली होती, 'ग्रँड' जागा आहे, वडिलांना आवडेल. समुद्राकडे बघत बसलं की न बोलण्याचं तरी काही वाटणार नाही, असा माझा हिशेब.

धक्क्यावर वेळेच्या आधी पोचलो. बोट उभी होती, इंजिन सुरू होतं, उतारू बसले होते आणि तरी बोट हलेना. बाबांनी उभं आयुष्य एसटीच्या स्थानकावर गाड्या वेळेवर सोडण्यात घालवलेलं. धावत येणाऱ्या माणसासाठीही त्यांनी कधी गाडी थांबवली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता. ते घड्याळ बघायला लागले, मग उभे राहिले.

“बाप्पा! हे काऊन थांबून राहिले? विचार नं त्याला.”

बोटीचा चालक लाल चेहऱ्याचा, निवांत माणूस होता. त्यानं सांगितलं, बेटावरच्या एक म्हाताऱ्या बाई गेल्या आहेत. खरं तर कालच पुरायचं होतं, पण मुलगी कॅनडातून निघालीय, तिचं विमान चुकलं, म्हणून सगळ्यांनी आजपर्यंत थांबायचं ठरवलं. सकाळी ती डब्लिनला उतरली, कुणीतरी तिला गाडीनं घेऊन येतंय.

“मग बोट किती वाजता सुटेल?” मी विचारलं.

“ती आली की,” तो म्हणाला. माझा प्रश्नच त्याला नीटसा कळला नव्हता.

मी हे सगळं बाबांना मराठीत सांगितलं. त्यांना तेवढं इंग्रजी समजतं, तरी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. आई गेली, मुलगी परदेशातून येतेय, सगळे तिच्यासाठी थांबलेत. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असणार. ते खाली बसले आणि शर्टाची बाही घड्याळावर ओढून घेतली.

ती आली ती एका जुन्या गाडीतून, पाठीवर एक सॅक घेऊन. माझ्याच वयाची, प्रवासानं चुरगळलेली. कुणी घाई केली नाही की उशीर झाला म्हटलं नाही. ती बोटीत चढली तसा एकेक जण उठून तिचा हात हातात घ्यायला लागला, दोन शब्द बोलायला लागला. इथे ही रीतच आहे. ओळख असो नसो, हात हातात घेऊन तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं, एवढं म्हणायचं. बाबाही रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी हात जोडले, मग तिचा हात धरला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, आलीस नं तू.”

तिला अर्थातच काही कळलं नाही, पण तिनं मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. आणि मला राग आला. दुसऱ्याच्या लेकीवर एवढी माया करायला जमतं यांना, असं मनात आलं. माझा अगदी जळफळाट झाला.

बेटावर उतरलो तर चहाचं एकुलतं दुकान बंद. दुकानवाली बाईच प्रेताच्या घरी कामाला लागली होती. चालक म्हणाला, परतीच्या बोटीला वेळ आहे, वाऱ्यात कुठे बसाल, त्या बाईंच्या घरीच चला. मी संकोचले. बाबा मात्र निघाले. मर्तिकाचं कळल्यावर दारावरून पुढे जायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

घर माणसांनी भरलेलं. चुलीवर किटली, टेबलावर सँडविचचे ढीग. दुकानवाली बाई म्हणजे आग्रहाचा कळसच. तिनं बाबांपुढे चहा धरला. बाबांनी मान हलवली. सुतकाच्या घरी पाणीही घ्यायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. तिला वाटलं, साखर नको असेल. मग सँडविच आलं. नको म्हटल्यावर तिला वाटलं, मांस चालत नसेल, म्हणून चीजचं आलं. मग केक आला. मी सांगायला तोंड उघडायच्या आत तिनं व्हिस्कीचा ग्लास आणला, आणि बाबा घाबरून अंगणात पळाले.

मी घरातल्या बोळात उभी होते. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. शवपेटी उघडी होती आणि ती मुलगी एकटीच आईजवळ उभी होती. घरात एवढी माणसं, पण कुणी आत जात नव्हतं, कुणी दार वाजवत नव्हतं. ती बोटांनी आईचे केस नीट करत होती. कपाळावरची एक बट पुनःपुन्हा मागे सारत होती. मला तेवढंच हवं होतं. आई परत मिळणार नव्हती हे मलाही माहीत होतं, पण केसांवरून हात फिरवायला मिळाला असता. मी बाहेर जायला वळले, आणि बघते तर बाबा अंगणातून परत येऊन माझ्या मागेच उभे होते. त्यांनीही पाहिलं होतं.

मग पेटी निघाली. इथेही खांदाच देतात, आणि बायकाही देतात. मुलगी पुढे होती. वाटेत माणसं बदलत होती, कुणी कुणाला हाक न मारता. एका चढावर बाबा पुढे झाले. चालकानं काही न विचारता स्वतःची जागा त्यांना दिली. बाबांचा खांदा काही पेटीपर्यंत पोचला नाही. बाकीचे सगळे ताडमाड. ते नुसता हात वर करून, पेटीला टेकवून, भराभर पावलं टाकत चालत राहिले.

माती देऊन झाल्यावर बाबांनी माझा दंड धरला आणि न बोलता धक्क्याचा रस्ता धरला. आम्ही अर्ध्यावर आलो तोच मागून दुकानवाली धावत आली. हातात फॉइलचं पुडकं, चेहरा पडलेला. कुणी काही लागट बोललं का तुम्हाला? काही खाल्लं नाही, निरोप न घेता निघालात. मग मी तिला समजावलं की आमच्यात प्रेताच्या घरी खात नाहीत आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पुन्हा अशा कारणानं यायला नको म्हणून.

तिनं विचार केला. “चांगलंय की. आमच्याकडे निरोप घेण्यातच तास जातो,” म्हणाली. मग पुडकं माझ्या हातात कोंबून म्हणाली, “बोटीवर खा. बोट काही घर नव्हे.”

हे बाबांना पटलं. पण आधी आंघोळ. आंघोळ कुठली, धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी अटलांटिकच्या पाण्यात पाय बुडवले, “आई गं!” म्हणून ओरडले, तोंडावर पाणी मारलं आणि कुडकुडत बोटीत येऊन बसले. मी माझी शाल त्यांच्या अंगावर टाकली. बोट सुटली. बरंच अंतर गेल्यावर ते समोर बघतच म्हणाले, “तू कधी विचारलं नाहीस.”

“तुम्ही सांगितलं नाहीत.”

“थांबायचंच ठरलं होतं बेटा. तुझ्या मामानं ती पेटी बोलावली होती, फ्रीजवाली. दारात आलीसुद्धा. तो माणूस मला म्हणे, हात घालून बघा काका, एकदम थंड झाली आहे, उद्यापर्यंत काळजी नको. मी हात घातला.” शालीच्या टोकाशी चाळा करत राहिले. “तुझी आई भर मे महिन्यात कूलरसमोर झोपत नव्हती. गारठून राहिली म्हणायची. बंद करा म्हणून भांडायची. तिला त्याच्यात रात्रभर ठेवू? मी म्हटलं, घेऊन जा परत.”

आईला थंडी सोसत नसे हे मला ठाऊक होतं, आणि दोन वर्षांत एकदाही मी ते या गोष्टीशी जोडलं नव्हतं. राग कुठे गेला कळलं नाही. तरीही माझ्यातली भांडखोर मुलगी म्हणालीच, “एकट्यानंच ठरवलंत? कुणाला विचारायचं तरी.”

“कुणाला विचारू?” बाबा म्हणाले. “असं काही असलं की मी तिलाच विचारायचो नं.”

मग मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि धक्का येईपर्यंत रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.