काचेवरचा खडू

ट्रायल रूमबाहेरच्या स्टुलावर एक भारदस्त गृहस्थ अर्ध्या टाचलेल्या पँटीत उभे होते, मावशी त्यांच्या पायाशी तोंडात चार टाचण्या धरून बसली होती, आणि नेमकी त्याच वेळी तिच्या ॲप्रनच्या खिशातून रुग्णवाहिकेसारखी किंचाळी फुटली. पाठोपाठ एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "सावधान! तुमच्या फोनमध्ये छत्तीस व्हायरस सापडले आहेत!" गृहस्थ दचकून उडाले. उडताना तीन टाचण्या त्यांच्या पोटरीत गेल्या. मॅनेजर धावत आले. मावशीने तोंडातल्या टाचण्या आधी नीट काढून उशीला टोचल्या आणि मगच खिशात हात घातला. तीस वर्षांची सवय; आग लागली तरी टाचण्या आधी उशीत.

हा सगळा पराक्रम माझा.

झालं होतं असं, की माझ्या या सख्ख्या मावशीला लेकीने परगावाहून अँड्रॉइड फोन पाठवला. तोवर मावशी बटणांच्या फोनवर सुखी होती. नवा फोन आल्यावर तिने मला बोलावून एकच काम सांगितलं: "अक्षरं जरा मोठी करून दे." एवढंच. फोनच्या सेटिंगमध्ये आत जाऊन अर्ध्या मिनिटात होणारं काम. पण मला घरात सगळे 'फोनमधला माणूस' समजतात, आणि अशा माणसाला अर्ध्या मिनिटात उठून जाणं शोभत नाही. मी अक्षरं मोठी करणारं एक फुकटचं ॲप टाकलं. मग फोन 'साफ' करणारं दुसरं टाकलं. पडद्यावर धबधबा लावला, चौकोनी चित्रांना पाण्याच्या थेंबांचे आकार दिले, आणि दोन वेळा चहा पिऊन घरी आलो. त्यातल्याच कुठल्यातरी फुकट्याने सोमवारी मावशीच्या खिशात गळा काढला.

मावशी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात, तळघरातल्या अल्टरच्या खोलीत काम करते. खोलीत सहा मशिनं, एक लांबलचक कटिंगचं टेबल, आणि वर इतका लख्ख दिवा की तिथे कुणाचा पांढरा केस लपत नाही. तयार कपडे घेणाऱ्यांची पँट लांब निघते, कोट ढगळ होतो, बाही बोटांवर येते. ते सगळं या खोलीत माणसाच्या मापाचं होतं. मावशीची जागा टेबलाच्या डाव्या टोकाला. शेजारी काजवाले काका, त्यांची नजर काजापुरती तीक्ष्ण आणि कान सगळ्या खोलीभर. आणि समोरच्या मशिनवर जी बाई आहे तिला सगळे 'इंजिन' म्हणतात, कारण ती एकदा सुरू झाली की स्टेशन आल्याशिवाय थांबत नाही.

त्याच सोमवारी संध्याकाळी मॅनेजरांनी सगळ्यांना जमवलं. पुढच्या महिन्यापासून कागदी चिठ्ठ्या बंद. कुठला कपडा, किती आत घ्यायचा, काम झालं की नाही, सगळं ॲपवर. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी प्रत्येकाने त्यांच्यासमोर शिवून झालेले दहा कपडे ॲपवर नोंदवून दाखवायचे. ज्यांना जमणार नाही त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये, त्यांना वर पॅकिंगमध्ये जागा आहे.

एवढं बोलून त्यांनी मावशीकडे पाहिलं. "मावशी, तुमचं जरा कठीणच दिसतंय हं. पण पॅकिंगला आरामच आहे तसा. बसून काम."

"मी आत्तासुद्धा बसूनच करते साहेब," मावशी म्हणाली.

पण घरी आल्यावर तिने चहासुद्धा ठेवला नाही. पॅकिंग म्हणजे दुसऱ्याने नीट केलेला कपडा घडी घालून खोक्यात ठेवायचा. ज्या बाईने नुसत्या नजरेने सांगावं की या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्ध्या बोटाने खाली आहे, तिने खोक्यांना चिकटपट्टी लावायची. मी गुन्हेगारासारखा तिच्यासमोर उभा राहिलो.

"मावशी, मी शिकवतो तुला. आठ-दहा दिवस आहेत."

"तू?" तिने मला आपादमस्तक पाहिलं. "तू हात मागे बांधून बसायचं. मी विचारेन तेवढंच सांगायचं. जास्त हुशारी केलीस तर उठून जायचं."

आणि मावशीचे प्रश्न सुरू झाले. देवा रे! मी दहा वर्षं हे फोन वापरतोय, पण त्यातला एकही प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"हे ॲप इथून काढलं की जातं कुठे?"

मी म्हणालो, "पडद्यावरून काढलंस तर कुठेच जात नाही. आत असतंच. पूर्ण काढायचं असेल तर अनइन्स्टॉल करायचं."

"म्हणजे हुकावरचा कोट काढून कपाटात ठेवला. आणि दुसरं म्हणजे कोट घराबाहेर दिला."

"हो, तसंच."

"मग ते किंचाळणारं आधी घराबाहेर." तिने स्वतःच्या हाताने दाबून दोन्ही फुकटे घालवले. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला वैयक्तिकरीत्या लागलं.

मग धबधबा. "हा कशाला लावलास?"

"छान दिसतो."

"नक्षीच्या कापडावर कधी खुणा दिसतात का? साधा काळा लाव." काळा लावला. थेंबांचे आकार गेले. पडद्यावर चारच चित्रं उरली: फोन, मेसेज, कॅमेरा, टॉर्च. बाकीची वीसएक मंडळी कपाटात. अक्षरं सेटिंगमधून मोठी झाली, आणि मला खरं सांगायचं तर तो फोन पहिल्यांदाच कुणाचातरी वाटायला लागला.

टॉर्चवरून मात्र भांडण झालं. फोनमधला टॉर्च तिला मंद वाटला म्हणून तिने दुकानातून, म्हणजे फोनमधल्या दुकानातून, दुसरा निवडला. ते ॲप उघडताच म्हणालं, तुमच्या संपर्कांची यादी पाहू का?

"टॉर्चला माझे नातेवाईक कशाला हवेत?" मावशी.

"सगळेच विचारतात गं. हो म्हणायचं."

"तू सगळ्यांना हो म्हणतोस?"

"हो."

"म्हणूनच." या 'म्हणूनच'च्या पुढे काय होतं ते तिने सांगितलं नाही, पण माझ्या एकंदर आयुष्याबद्दल ते होतं हे मला कळलं. टॉर्चची रवानगी झाली.

"याला साडेचार तारे आहेत," एकदा मी एका ॲपची शिफारस केली.

"कुणी दिले?"

"लोकांनी."

"ओळखीचे आहेत?"

दुकानाचं ॲप लिंकवरून आलं. दाबल्यावर फोनने इशारा दिला: अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे, टाकू का? मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने मॅनेजरांना फोन लावला. "साहेब, ही लिंक तुम्हीच पाठवली ना? नाही, फोन म्हणतोय तुम्ही अनोळखी आहात." साहेबांनी आपली ओळख पटवून दिली. मग तिने परवानगी दिली, ॲप टाकलं, आणि मला विचारलं, "आता हे दार परत लावायचं कुठून?" ते दार परत लावायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग बुधवारी खडू आला.

मावशीकडे शिंप्याचा मेणाचा खडू असतो. चपटा, पांढरा, कडेने झिजून पात्यासारखा झालेला. कापडावर कुठे दुमडायचं, कुठे टीप घालायची, हे ती त्याने खूण करून ठेवते आणि मग डोळे मिटून काम करते. तसंच तिने फोनच्या काचेवर केलं. दुकानाचं ॲप उघडल्यावर 'काम झालं'चं हिरवं बटण जिथे येतं तिथे फुली. माझा नंबर, केलेल्या फोनांच्या यादीत सगळ्यात वर, तिथे त्रिकोण. मला दाखवलं तेव्हा मी कौतुकच केलं. मेणाचा खडू काचेवर उठतोही सुरेख.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिला एक शंका आली. तिने यादी उघडली, त्रिकोण दाबला, आणि पलीकडून "हॅलो" ऐकू येताच म्हणाली, "अरे शहाण्या, उठलास का लोळतोयस अजून? ॲप उघडलंय, पुढचं सांग!"

पलीकडून मॅनेजर म्हणाले, "उठलोय मावशी."

खुणा केल्यावर त्याच रात्री तिने साहेबांना पुन्हा एक फोन लावला होता ना, ॲपच्या चौकशीचा! त्यामुळे यादीत साहेब वर सरकले होते आणि मी त्यांच्या खाली. त्रिकोण होता तिथेच होता.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा मला वाटलं, आता फोन खिडकीतून बाहेर पडलेला असेल. पण मावशी टेबलाशी बसून काचेवरून बोट वरखाली सरकवत होती. यादी वर जायची, खाली यायची. त्रिकोण मात्र जागचा हलत नव्हता.

"बघ," ती म्हणाली. "काच म्हणजे माझं टेबल. कापड वरून सरकतंय. आणि मी बावळट, खूण टेबलावर करतेय."

तिने पदराने काच लख्ख पुसली. मग एक कागद घेतला आणि ॲपमधल्या प्रत्येक बटणाचं नाव त्यावर लिहून काढलं. कुठे आहे ते लिहिलं नाही. कुठल्या रंगाचं आहे तेही नाही. नुसतं नाव, आणि समोर ते काय करतं. "कपडा ओळखा: लेबलचा फोटो. माप बदला: किती आत, किती बाहेर. काम झालं: वर दुकानात कळतं." असा तो कागद. उरलेले सगळे दिवस ती स्वतःच्याच कपाटातले कपडे घेऊन, बटणांची नावं वाचत सराव करत होती. हळू. इतकी हळू, की बघताना माझ्या पायाला मुंग्या यायच्या.

परीक्षेच्या शुक्रवारी मला घरी बसवेना. मी दुकानातून नको असलेली एक पँट घेतली, मुद्दाम दोन इंच लांब, आणि अल्टरच्या खोलीच्या दारात गिऱ्हाईक बनून बसलो. मावशीने मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही.

मॅनेजर घड्याळ लावून उभे. सगळ्यांनी ॲप उघडलं, आणि ॲपने सगळ्यांना सांगितलं: नवीन आवृत्ती आली आहे, अपडेट करा. सगळ्यांनी दाबलं. पुन्हा उघडलं तेव्हा घरातलं सामान कुणीतरी हलवावं तसं झालं होतं. उजवीकडे खाली जे हिरवं बटण असायचं ते निळं होऊन डावीकडे वर गेलं होतं. आणि त्याच्या जुन्या जागी, तशाच हिरव्या रंगात, 'दुकानात परत पाठवा' येऊन बसलं होतं.

इंजिनला ते दिसलंच नाही. ती सवयीने धडाधड निघाली. लेबल, माप, उजवीकडे खाली हिरवं. लेबल, माप, उजवीकडे खाली हिरवं. काजवाले काकाही तिच्या मागोमाग.

मावशीचं बोट मात्र काचेवर अधांतरी थांबलं. पाच सेकंद, दहा सेकंद. मॅनेजरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी दारातून हात वर केला, डावीकडे केला, भुवया उडवल्या. माझ्या शेजारच्या खऱ्या गिऱ्हाइकाने खुर्ची जरा लांब ओढली. मावशीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती वाचत होती. ओठ हलत होते. सगळा पडदा तिने वरपासून खालपर्यंत वाचला, जसं कोटाचं अस्तर उलटून शिवण कुठून कुठे गेलीये ते बघावं. पूर्ण एक मिनिट गेलं. मग बोट डावीकडे वर सरकलं आणि टेकलं. काम झालं.

इंजिनचे दहा कपडे पंधरा मिनिटांत संपले. तिने विजयाने मान वर केली, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मॅनेजरांना फोन आला: दहा पँटी न शिवताच परत पाठवल्या असं का दाखवतंय? आणि सात शर्ट काजांशिवाय?

मावशीला चाळीस मिनिटं लागली. दहाच्या दहा बरोबर.

मॅनेजरांनी तिच्या दहाही नोंदी पुन्हा तपासल्या. मग म्हणाले, "मावशी, तुमची जागा तुमचीच. पण यांना जरा बसवून दाखवाल का, सोमवारी?"

"दाखवेन," मावशी म्हणाली. "पण सगळ्यांनी प्रश्न विचारायचे. नुसत्या माना हलवणारे नकोत मला."

काजवाले काकांनी शाळेतल्यासारखा तिथल्या तिथे हात वर केला. "मावशी, परत पाठवलेला कपडा परत बोलावता येतो का?"

"येतो. खाली 'मागे घ्या' लिहिलंय. वाचा." काकांनी वाचलं. इंजिनही आपलं मशीन सोडून, मी पहिल्यांदाच पाहिलं, मुकाट्याने त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघं चालत निघालो. मावशीच्या हातात पिशवी, पिशवीत माझी नको असलेली पँट, जी तिने जाता जाता माझ्या मापाची करून टाकली होती. ती खुशीत होती. खुशीत असली की ती रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बाह्या बघत चालते आणि कुणाची लांब आहे, कुणाची आखूड, ते मला हळूच सांगते.

मला मात्र ते एक मिनिट काही केल्या डोळ्यासमोरून जाईना. मी थांबून म्हणालो, "पण मावशी, तिथे सगळ्यांसमोर, साहेब घड्याळ लावून उभे असताना, तुझं बोट जर चुकीच्या बटणावर पडलं असतं, तर गं?"

मावशी चालायची थांबलीसुद्धा नाही.

"तर मी उसवलं असतं."