बसला केलेला रामराम

माझ्या खोलीसमोरच्या बसथांब्यावर रोज सकाळी एक आजोबा येऊन बसतात. ते आपल्याकडचेच आहेत. मुलानं इथं परदेशात कायमचं राहायला आणलंय, एवढं त्यांनीच मला सांगितलं. त्यांना कुठं जायचं नसतं. बस आली की ते ड्रायव्हरला हात उंचावून रामराम करतात. बस थांबते, दार उघडतं. आजोबा ओशाळून मान हलवतात आणि दार मिटतं.

माझे बाबाही गावच्या फाट्यावर बसून प्रत्येक एसटीला हात करतात. हात केला की एसटीही थांबतेच, पण तिथल्या ड्रायव्हरना बाबांचा हात ओळखू येतो. ते नुसता हॉर्न वाजवून पुढे जातात. आई गेल्यापासून दिवसभरात बाबांशी बहुधा तेवढंच कुणी बोलत असावं.

त्यांना इकडे आणावं असं फार वाटतं. पाहुणे म्हणून आणलं तर काही महिन्यांनी परत पाठवावं लागेल. कायमचं आणायचं तर आधी माझं शिक्षण संपून नोकरी लागायला हवी, आणि त्यानंतरही व्हिसाची वाट बघत किती वर्षं जातील, कुणास ठाऊक.

काल फोनवर बाबा म्हणाले, "आण की. दारात बसून तुझ्या चपला राखीन."

"बघतो, बाबा," मी म्हणालो.

आज आजोबांना लांबून बस दिसली, तसे त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बस न थांबता निघून गेली. ती वळेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.