पायाखालच्या तीन चकत्या

यंत्र तंत्रज्ञ बाईंच्या लेकीपेक्षा तीन वर्षांनी मोठं. लेक येताजाता ऐकवायची, "आई, तुझं थोरलं अपत्य डोंगरावर बसलंय, त्याला आता तरी स्वतःच्या पायावर उभं कर."

थोरल्याचं काम साधं. अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या मोठ्या तबकडीशेजारी बसायचं, आपला आरसा पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे झुकवायचा, आणि हवेत बाष्प किती ते सांगायचं. बाष्प वाढलं की तबकडीची सगळी मेहनत पाण्यात. पण आकडे उमटायचे कागदी पट्टीवर, आणि ती पट्टी आणायला बाई आठवड्यातून दोनदा डोंगर चढायच्या. एकवीस वर्षं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते.

म्हणून जुन्या यंत्रात नवी मोटर, आरशाची नवी बैठक आणि आकडे थेट खालच्या कचेरीत पाठवणारं कार्ड बसवलं. आज आकाश सगळीकडे सारखंच निरभ्र होतं; दोन्ही बाजूंचे आकडे जुळले तर बाईंची चढण सुटणार होती. नाही तर नवं उतरवून पुन्हा जुनंच.

जुळले नाहीत. पश्चिमेचं आकाश कोरडं, पूर्वेचं ओलं.

"ताई, सकाळपासून तीनदा बघितलं," नवे भाग बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला. "कार्डच खराब असणार. उतरवू का?"

बाई जमिनीवरच बसल्या. बसल्या म्हणूनच नजर यंत्राच्या पायाकडे गेली. पश्चिमेच्या पायाखाली पत्र्याच्या तीन गंजक्या चकत्या होत्या. जुनी बैठक वाकली तेव्हा, लेक पाळण्यात असताना, त्यांनीच त्या सारल्या होत्या आणि साफ विसरल्या होत्या. नवी बैठक सरळ होती. वाकड्याला सावरणाऱ्या चकत्या आता सरळाला कलवत होत्या. त्यामुळे आरसा पूर्वेला क्षितिजाकडे जास्त झुकत होता, आणि तिकडच्या हवेच्या जाड थरातून आकाश उगाच ओलं दिसत होतं.

"कार्डाला बोल लावू नकोस," बाई म्हणाल्या. "करणी माझीच आहे. पाना दे इकडे."

चकत्या निघाल्या. आरसा पुन्हा इकडून तिकडे झुकला. आकडे जुळले.

"सुटलात, ताई."

"आणि आरशापुढच्या पडद्यावरची धूळ? ती कचेरीतून पुसणार आहेस?"

इंजिनियर पान्याशी चाळा करत राहिला. "ती पुसायला... महिन्यातून एकदा यावं लागेल."

उतरताना लेकीचा फोन आला. "लागलं का तुझं थोरलं मार्गाला?"

"लागलं. महिन्यातून एकदा तोंड पुसायला बोलावलंय."

"म्हणजे माझ्यापेक्षा शहाणं निघालं. मला तर तू अजून रोज लागतेस."

बाईंना हसू आलं. त्या खिशातल्या चकत्या सावरत, कठडा धरून, पुढची पायरी उतरल्या.