गुलाबी म्हणून आणलेली वेल

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल होता. रक्ताचा आजार, जन्मापासूनचा, आई आणि बाबा दोघांच्याही रक्तातून आलेला. अंगात रक्त कमी, डोळे पिवळसर, आणि मधूनच हाडांत अशी कळ उठायची की ती उशी दातांत धरून पडून राहायची. बाबा फॅक्टरीत होते, आम्ही भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. बहीण भंडाऱ्याला बीएस्सी करत होती. अंगात बळ असलं की कॉलेज, नसलं की घरी.

नागपूरला रक्त चढवायला नेलं की परतताना ती नर्सरीत थांबायचा हट्ट धरायची. एकदा तिथून तिने होयाची वेल आणली. जाड, चिवट पानं आणि मेणाने घडवल्यासारख्या फुलांचा एकच झुबका, चांगला गुलाबी. आईने कुंडी मागच्या ओट्यावर, पत्र्याखाली टांगली. पाणी घालायला तिथे सोपं पडायचं.

पुढच्या उन्हाळ्यात वेल फुलली. आई बघतच राहिली.

"हे तर पांढरं फुललं व!"

"पत्र्याखाली तापून राहिलं ना ते," बहीण म्हणाली. "उजेड कमी, अन् दिवसरात्र गरमी. रंग धरतच नाही. झाडाले काही झालं नाही."

आईला ते पटलं नाही. त्याच सुमारास बहिणीचं रक्त पुन्हा खूप उतरलं होतं. आईच्या मनात दोन्ही गोष्टी एक झाल्या. ती बोलायची नाही, पण रोज सकाळी आधी ओट्यावर जायची, मग बहिणीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायची.

"आई, ते झाड आहे. मी नाही," बहीण एकदा चिडून म्हणाली.

आईची समजूत काढायचीच म्हणून तिने पावसाळा संपता संपता कुंडी फोडली आणि मुळांसकट वेलीचे दोन भाग केले. एक मागे पत्र्याखालीच ठेवला. दुसरा समोरच्या खिडकीच्या ग्रिलवर चढवला, जिथे सकाळचं कोवळं ऊन यायचं आणि दुपारी सावली. मला म्हणाली, "ताई, वेल एकच आहे. रंग दोन आले तर आईले मानावंच लागते."

वर्षभर कुठेच कळी आली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर मात्र दोन्हीकडे कळ्या धरल्या आणि थंडी पडू लागली तशा उमलल्या. मागची, पत्र्याच्या उबेतली फुलं फिक्कट. समोरची गर्द गुलाबी, मधोमध लालबुंद चांदणी. बहीण आईला हात धरून एकीकडून दुसरीकडे नेत होती. "पाह्य, ऊन अन् थंडी. बस, एवढंच आहे."

आईने मागच्या फुलांकडे नीट पाहिलंही नाही. समोरच्या झुबक्याखाली उभी राहून तिने बहिणीच्या तोंडावरून हात फिरवला. "रंग आला पोरी. आता तू सुधारून राहिली."

बहीण हसली. "मान, तुले जे मानायचं ते."

एरवी थंडीत आई तिला मोज्यांशिवाय पलंगावरून उतरू द्यायची नाही. गारठ्याने तिचं दुखणं उठायचं, डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवसांत मात्र बहीण सकाळी खिडकी उघडून फुलांची चित्रं काढत बसायची आणि आई तिला तिथेच चहा आणून द्यायची. तिला इतकं खुशीत आम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. कोणीच उठवलं नाही.

मग एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. एरवी आई लगेच रिक्षा बोलवायला लावायची. त्या दिवशी तिने गरम पाण्याची पिशवी दिली. "उतरून जाईल. आता बरी आहे ना ते." दुपारी बहिणीला धाप लागली. बाबांनी गाडी केली, नागपूरला नेलं. तिथे रक्त दिलं, ऑक्सिजन लावला, पण तिचा श्वास पुन्हा नीट झालाच नाही. ती तिथेच गेली. सकाळीच आणलं असतं तर, असं बाबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, कॉलनीतल्या बाया उठून गेल्या. ग्रिलवरची फुलं अजून झडली नव्हती. आई भिंतीला टेकून बसली होती.

"थंडीनं रंग येते म्हणत होती ना ते?"

"हो," मी म्हटलं.

"अन् मी तिले तिथंच चहा नेऊन देत होती."

बाबा रिटायर झाल्यावर दोघं गावी, अड्याळला राहायला गेले. वेल ग्रिलमध्ये पार गुंतली होती, ती तिथेच राहिली. आता गावात कोणाकडे सोयरीक जुळायला लागली की आई न बोलावता जाते आणि सगळ्यांसमोर विचारते, "दोघाइचं रक्त तपासलं काय?" लोकांना ते आवडत नाही. एका घरी तर तिला चहासुद्धा विचारला नाही. तरी ती जाते.