वीस एकरांचं अनुमोदन

व्हँकुव्हर बेटावरच्या मॅरो कोव्ह गावात सायलस ट्रेथवी नावाचा करवत्या होता. तोंडावर सगळे त्याला सायलसकाका म्हणत आणि पाठ वळली की दलदलीचा जमीनदार. बावीस वर्षं करवत ओढून जमवलेल्या पैशांत त्याने चाळीस एकर जमीन घेतली होती. त्यातली निम्मी दलदल, आणि उरलेल्या निम्म्यात झाडांचे बुंधे. बाकीचं गाव लाकूडवखारवाल्याच्या खोल्यांत राहून सायलसला हसायचं.

पण १८५६ साली गव्हर्नरसाहेबांचं फर्मान आलं. बेटावर आता लोकांनी निवडलेली सभा भरणार, आणि प्रत्येक भागाने आपला एक प्रतिनिधी धाडायचा. मत मात्र ज्याच्या नावावर वीस एकर असतील त्यालाच. गावाने हिशेब केला. पुरुष चौतीस, मतदार एक.

रातोरात सायलसचा चेहराच बदलला. चालताना तो हात पाठीमागे बांधू लागला. न्हावी फुकट दाढी करू लागला, आणि एका घरून साल्मन आला, दुसऱ्या घरून खारवलेलं डुकराचं मांस. सायलसची बायको केझाया सगळं निमूट फळीवर ठेवत गेली. नवऱ्याची अक्कल वाढली नसून फक्त भाव वाढलाय, हे तिला ठाऊक होतं.

सायलसचा माणूस ठरलेला होता, कॅप्टन ऑल्ड्रिज. ते राजधानीत राहत. एकदा गावात आले तेव्हा त्यांनी सायलसशी हात मिळवून त्याला ‘मिस्टर ट्रेथवी’ म्हटलं होतं. जन्मात कोणी त्याला मिस्टर म्हटलं नव्हतं. एवढ्या भांडवलावर माणसं देव होतात, कॅप्टन तर नुसतेच प्रतिनिधी होणार होते.

निवडणुकीच्या सकाळी शेरीफसाहेब होडीतून आले. वल्हेकरी होते बेटाचे मूळ रहिवासी, ते किनाऱ्यावर सुका मासा चघळत बसले. ही सगळी किनारपट्टी त्यांच्या बापजाद्यांची, पण वीस एकरांचा कागद त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हता. ओहोटीबरोबर परतायचं होतं आणि निवडणुकीची मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून साहेब घाईत होते.

सायलस पिंपावर चढला आणि त्याने खणखणीत आवाजात कॅप्टनचं नाव सुचवलं. शेरीफने अनुमोदन कोणाचं म्हणून विचारलं, तर तेहतीस हात वर गेले. साहेबांनी चष्मा पुसला. हात पुष्कळ आहेत, ते म्हणाले, पण एकाही हाताखाली जमीन नाही. अनुमोदन देणाराही मतदारच हवा, हा कायदा. नाहीतर या गावाची खुर्ची रिकामी राहील.

सायलस पिंपावरून तेहतीस चेहरे न्याहाळू लागला. मग त्याला युक्ती सुचली, आणि ती करवत्यालाच सुचावी अशी होती. त्यांचं काम खड्ड्यावर चालायचं. ओंडका आडवा टाकायचा, एक करवत्या वर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. वरच्याने ओढलं की खालच्याने सोडायचं, खालच्याने ओढलं की वरच्याने. नऊ वर्षं सायलस वर आणि जेबेझ रॉस्किली खाली. जेबेझची ओढ कधी चुकली नव्हती. तेव्हा आजच्या दिवसापुरते चाळीसांतले वीस एकर त्याच्या नावावर करायचे, म्हणजे तोही मतदार.

केझाया गर्दीतून पुढे आली. “त्या वीस एकरांतला चर मी खणलाय, सायलस. माझ्या कमरेला विचार.”

“अगं, कागदापुरतं. जेबेझ आपलाच हात आहे.”

शेरीफने नोंदवही उघडली, जेबेझने फुली मारली आणि गावात दुसरा मतदार जन्माला आला. शेरीफने पुन्हा विचारलं, कॅप्टन ऑल्ड्रिज यांना अनुमोदन?

जेबेझ खाकरला. मग त्याने स्वतःच एक नाव सुचवलं, बार्नबी क्राउच. क्राउच म्हणजे जेबेझचा मेहुणा, गावचा दुकानदार. त्याच्या साखरेत वाळू आणि रममध्ये ओढ्याचं पाणी, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

सायलस पिंपावरून जवळजवळ कोसळलाच. “जेबेझ, अरे, आपलं काय ठरलं होतं?”

“वर उभा राहणाऱ्याला दूरचं दिसतं, काका,” जेबेझ शांतपणे म्हणाला. “मला नऊ वर्षं तुझा भुसाच दिसला. क्राउचला अनुमोदन दे, या क्षणी जमीन परत. नाही दिलंस, तर मला दलदलही गोड आहे.”

आता गंमत अशी की मतदार दोन, नावं दोन आणि अनुमोदन एकालाही नाही. पाणी उतरू लागलं. वल्हेकऱ्यांनी होडी ढकलायला घेतली. एका पारड्यात ‘मिस्टर’ म्हणणारे कॅप्टन, दुसऱ्यात बावीस वर्षांची करवत. सायलसने केझायाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती दलदलीकडे पाहत होती.

“अनुमोदन,” सायलस म्हणाला. आवाज इतका बारीक की शेरीफला दोनदा विचारावं लागलं.

जेबेझ शब्दाला जागला, हे मान्य करायला हवं. तिथल्या तिथे त्याने दुसरी फुली मारून जमीन परत केली आणि त्याबरोबर त्याचं मतही गेलं. तो गावातला सर्वांत अल्पायुषी मतदार ठरला. सन्माननीय क्राउच एकमताने निवडून आले.

सन्माननीय राजधानीत गेले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी कुत्र्यांवर पट्टी, म्हणजे कर, बसवायला हात वर केला. गावात घरटी दोन कुत्री. लोक चिडून जेबेझकडे गेले. त्याने हात झटकले. आपल्याला मतच नाही, तो म्हणाला, मतदाराला विचारा.

तेव्हापासून रविवारी प्रार्थना सुटली की सायलसच्या दारात रांग लागायची. कोणाच्या कुत्र्याला पट्टी, कोणाच्या पुलाला फळ्या नाहीत. क्राउचला शिव्या देण्याची गावात सर्वांना मोकळीक होती, एक सायलस सोडून. तो बिचारा दारात उभा राहून सरकारची बाजू मांडायचा. आणि आतून केझाया हाक मारायची, “मिस्टर ट्रेथवी, तेवढी गर्दी हटली की चराकडे या. पुन्हा तुंबलाय.”