सरव्याची ज्वारी

"पदर झाड," पटेल म्हणाला. भर देवळात. साऱ्या मंडळीसमोर. माह्या बायकोले.

ख्रिस्ती मंडळीतल्या कापणीच्या सणाचा रविवार होता. वांकिडीकडलं गाव, तवा आंध्र होतं. ज्याचं जे पिकलं ते लोक वेदीपुढं ठेवत होते. कापूस, भोपळे, एकानं कोंबडा. आमी नदीपलीकडून कामाले आलेले. वावर नाही, ठेवणार काय? बायकोनं सरवा वेचला होता. कापणीनंतर मातीत पडून राह्यलेली कणसं. आमच्या मुलखात ती वेचणाऱ्याची असतात, कोणी विचारत नाही. घरात पिठाचा खडखडाट, तरी तिनं ती ज्वारी पाखडली अन् पदरात बांधून देवाले आणली.

वावर पटेलाचं. आमी राहत होतो ती खोपडी त्याचीच. मंडळीचा पुढारीही तोच.

"माह्या वावरातलं चोरते अन् माह्याच देवळात वाहते," तो म्हणाला. "या तिकडल्या लोकायले बसाले जागा द्या, घर साफ करतात."

मागून एक बाई बोलली, "देवाले तरी सोडायचं होतं व माय!" लोक हसले.

तिनं पदर झाडला. दाणे फरशीवर उडाले.

पाळक तिथंच उभा. त्यानंच मागं एकदा शास्त्रातल्या एका परमुलखातल्या विधवेची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूले जगवणारी. बायको ऐकून रडली होती. आता पाळक खाली पाहून राह्यला.

"गुडघे टेक," पटेल म्हणाला. "म्हण, म्या चोरी केली. मंग राहा खोपडीत. नाहीतर ठाण्यातल्या जमादाराले बोलावतो."

परमुलखातला माणूस ठाण्यात गेला तर त्याले सोडवाले कोण येते? बायको पोटुशी होती. एक हात पोटाले लावून ती वाकाले लागली.

"म्हणून टाकते ना," ती हळूच म्हणाली. "लेकराले घेऊन कुठं जाऊ?"

तवा मले दिसलं. लेकरू जन्माले यायच्या आधीच चोराचं होणार होतं. म्या तिचा दंड धरला.

"उठ. तू चोर नाहीस."

आवाज फाटला. धोतर ओलं झालं होतं. घामानं का कशानं, मले आजही माहीत नाही.

आमी रस्त्यानं निघालो. पोलिसाच्या जीपचा आवाज आला की कापसात जाऊन पडायचं. कोणी आलं नाही. पण भेव आलं, सोबतच आलं. इचोडा गावाले म्या ट्रकात कापूस भरला, लेक वाढवली, सासरी पाठवली. बायको मात्र खाकी कपडा दिसला की हात पदराखाली लपवायची. म्हातारी झाली तरी. मी म्हणायचो, "काऊन लपवून राह्यली?" ती म्हणायची, "असंच."

यंदा पावसाळ्यात ती गेली. माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी पटेलाच्या त्या मंडळीचा नवा पाळक आला. पोरगंच.

"बाबा, पटेल खाटेवर हाय. माफ करा, मंडळीत परत या. दोन्हीकडून चूक झाली म्हणून सोडा."

"आमच्याकडून कोणती झाली?"

"प्रभू क्षमा कराले सांगतो, बाबा."

"प्रभू तान्हा होता तवा त्याचे मायबाप त्याले घेऊन दुसऱ्या मुलखात पळाले. तिथं कोणी त्याच्या मायले पदर झाडाले लावलं असतं तर?"

पाळक चहा तसाच ठेवून गेला.

मी रोज प्रार्थना करतो. भेव वाटते. पटेलाचं नाही आता, देवाचं. माफ न करता मेलो तर तो काय म्हणंल? घर रिकामं, विचारू कोणाले?

तरी माहं पक्कं हाय. पटेलाले खाटेसकट देवळात आणा. साऱ्या मंडळीसमोर, तिचं नाव घेऊन, त्यानं म्हणावं की ती चोर नव्हती. तोवर माह्याकडं क्षमा मागाले येऊ नका. देव आला तरी त्याले हेच सांगीन.