दारातून माघारी फिरणारा श्रीनू

सलीमचा फोन आला तेव्हा मी बार्शीच्या शाळेत पेपर तपासत बसलो होतो. "मास्तर, श्रीनू गया," एवढंच तो बोलला. मला वाटलं, पुण्याला गेला असेल... श्रीनूचं काय, कधीही उठून जायचा. मग पलीकडून सलीमचं रडणं ऐकू आलं. तुळजापूर रस्त्यावर मागून आलेल्या टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला उडवलं होतं आणि तो थांबलासुद्धा नव्हता. त्या टेम्पोवाल्याला मी अजून शिव्या देतो. मुलांना शिकवणाऱ्या माणसाने देऊ नयेत अशा.

श्रीनू म्हणजे श्रीनिवास. सोलापुरातल्या टॉवेल विणणाऱ्या तेलुगू घरातला, माझा आणि सलीमचा शाळेपासूनचा दोस्त. तास बुडवून आम्ही तिघं सायबर कॅफेत बंदुकांचा एक गेम खेळायचो. त्यात श्रीनूइतका नालायक गडी मी पाहिला नाही. गोळ्या झाडायच्या सोडून हा भिंती न्याहाळत फिरायचा. "आरं, खिडकी बघ की कसली केलीय!" असं ओरडता ओरडताच आडवा. पुढे त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तरी खूळ गेलं नाही. त्याच गेमसाठी तो स्वतःची एक लेव्हल बांधत होता: घरचा कारखाना, मागांची रांग, पत्र्याचं छत, कोपऱ्यातला पाण्याचा माठ. ती अर्धीच राहिली.

ती पुरी करायची असं मी आणि सलीमने ठरवलं. दुसरं करण्यासारखं हातात काही नव्हतंच. त्या गेममध्ये चालणारी माणसं म्हणजे फक्त सैनिक. त्यातल्या एकाला सलीमने श्रीनूचा चेहरा आणि त्याचा निळा चौकड्यांचा शर्ट चढवला. शत्रूशिवाय गेम कसला, म्हणून मागांआड शत्रूचे सैनिकही उभे केले. महिन्याभराने त्याच्या आईला, अम्माला, दाखवायला बसलो. मागांमधून श्रीनू चालत आला. "आला की," अम्मा म्हणाली आणि पदर सावरून पुढे सरकली. तेवढ्यात मागाआडच्या सैनिकाने त्याला गोळी घातली. श्रीनू तिच्यासमोर पडला... ती पडलेल्या त्याच्याकडे बघत राहिली. आम्हाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सलीम इरेला पेटला. "अब मरनेच नै देता मैं उसको." उपाय एकच सापडला: श्रीनूला भिंतीसारखी वस्तू करून टाकायचं. वस्तूला गोळी लागत नाही. पण वस्तू चालतही नाही. अम्माला मी तसं समजावून सांगितलं.

"न हलनारा भिंतीवर हाय की एक," हार घातलेल्या फोटोकडे बोट करून ती म्हणाली. "ह्याला चालू दे. त्ये बंदूकवाले हटवा."

सैनिक हटवले. दाराबाहेरचा रस्ताही बांधूया, असं सलीमने सुचवलं.

"रस्ता नको," अम्मा म्हणाली. "दारातनंच माघारी फिरू दे त्याला."

परवा गेलो होतो. शेजारी माग खडखडत होते. दिवाबत्ती झाल्यावर अम्माने कॉम्प्युटर चालू केला. तो चालू होताच श्रीनू आपोआप दिसावा अशी सोय सलीमने करून दिली आहे. श्रीनू माठापासून निघतो, दारापर्यंत येतो, मागे फिरतो. जिंकायला काही नाही, हरायलाही नाही. एक गोष्ट मात्र आम्हाला काढता आली नाही, ती म्हणजे बघणाऱ्याच्या हातातली बंदूक. त्या गेममध्ये ती असतेच. पडद्याच्या तळाशी तिची नळी दिसत राहते, समोर येणाऱ्या श्रीनूवर रोखलेली. चुकून एक बटण दाबलं गेलं तरी संपलं.

कीबोर्ड आणि माउस जागेवर नव्हते, म्हणून मी विचारलं. अम्माने कपाट उघडून दाखवलं. दोन्ही घरच्याच टॉवेलात घट्ट गुंडाळून ठेवलेले. तिने पुन्हा कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बस की मास्तर. पन हात मांडीवर ठिव."

मी हात मांडीवर ठेवून बसलो. श्रीनू दारापर्यंत आला.